वरची फरशी, खालचं छत

पायाचं मागाहून विचारा हो, आधी छताचं विचारा! बायको म्हणते, ओरडू नका, हा दवाखाना आहे... अहो, पण त्यांची फरशी म्हणजे कुणाचं छत? माझंच ना?

तुम्हाला सांगतो, आमच्या वरच्या मजल्यावरचे आजोबा, जन्मभर कारखान्यात, झटका आला न् वाचाच गेली, चालतो तो फक्त उजवा हात. पोरांनी भाड्यानं पलंग आणला, हँडल फिरवलं की उशाकडून वर होणारा. सुनेनं औषध पाजायला तो केला वर, आणि गेली फोन घ्यायला, ती गेलीच! म्हाताऱ्यानं बोट खाली केलं आणि लागला गोल गोल फिरवायला. झालं! एरवी बाप जेवला का हे विचारायला कुणी फिरकत नव्हतं, आता अख्खं घर त्या बोटाला डोळे लावून! थोरला म्हणतो, "बाबांनी खाली काहीतरी पुरलंय!" धाकटा म्हणतो, "गोल दाखवतायत, नाणी असणार!" सून म्हणते, "छे, बांगड्या!" आणि आणली की हो पहार! दुसऱ्या मजल्यावर कुणी पुरतं का काही? त्यांची फरशी म्हणजे कुणाचं छत?

गेलो भांडायला, तर थोरला म्हणे, "काका, ही आमची घरगुती बाब आहे." घरगुती? माझ्या ताटात सिमेंट पडतंय! म्हातारा घामाघूम, डोळ्यांत पाणी, बोट गरागरा... धाकटा खूश, "जवळ आलोय आपण, बाबांना गहिवरून आलंय!" आणि पडलं भोक. सोनं कुठलं निघतंय? खाली जेवताना मी दिसलो.

मग भेटायला आला कारखान्यातला क्रेनवाला. दारातूनच खेकसला, "पलंग खाली घ्या रे, पाठ मोडली त्याची!" आजोबा जन्मभर खाली उभे राहून हातानं खुणा करायचे, हा वर क्रेनमध्ये बसून ओझं हलवायचा. बोट खाली, गोल गोल, म्हणजे 'उतरव'! बाप कारखान्यात नेमकं काय करतो, हे पोरांनी कधी विचारलंच नव्हतं.

आणि अर्थ कळल्याबरोबर बोटाची किंमत शून्य! सोनं नाही ना, मग कोण बघतंय? पलंग भोकाच्या काठावर, घरचे आपापल्या खोल्यांत. मला वर त्याचा हात दिसायचा. दया आली हो मला, तीच नडली! म्हटलं, आपल्याला आता खुणा कळतात...

काल बघतो तर पंजा उघडा, बाजूला, बाजूला, जोरजोरात! डोळे भरून आले माझे. पोरं विसरली, पण म्हातारा शेजाऱ्याची ख्यालीखुशाली विचारतोय! मीही हात हलवला. त्यानं आणखी जोरात, मी आणखी पुढे, अगदी भोकाखाली...

आज सकाळी क्रेनवाला इथं दवाखान्यात आला. म्हणाला, "अहो, ती खूण म्हणजे खालची माणसं बाजूला व्हा, ओझं सुटतंय!"

ओझं म्हणजे पलंग! म्हाताऱ्यासकट! त्याला साधं खरचटलंही नाही, माझ्यावर पडला ना! तो काय, पलीकडच्या खाटेवर घोरतोय.

पोरंही येऊन गेली. बापाकडे पाठ करून मला विचारतात, "काका, पडताना काही चमकलं का?" वैतागून म्हटलं, "चमकलं ना, डोळ्यांसमोर काजवे!" त्यांनी 'चमकलं ना' एवढंच ऐकलं, पुढचं ऐकायला थांबतंय कोण? आत्ता बायको सांगत आली, दोघं पहार घेऊन आमच्या घरात घुसलेत.

माझी फरशी म्हणजे कुणाचं छत? तळमजल्यावर मेहुणा राहतो माझा... असू दे, नका फोन करू. त्याला 'बाजूला हो' सांगून तरी काय कळणार आहे!