राणीच्या दातातला दोरा

माझं माहेर जत तालुक्यातलं, सातवीत शाळा सुटली, का सुटली ते विचारू नका, आमच्या आळीत सगळ्या पोरींची सुटायची तशीच सुटली. लग्न होऊन इथं म्हैसूरला आले. मालक तंबाखूच्या लॉरीवर, हंगामात मुक्काम पिरियापट्टणलाच, आणि मी इथल्या विजयनगर भागात एका खोलीत, भाषा येत नाही, बोलू कुणाशी? मग हे मास्तर भेटले. पिढ्यान्‌पिढ्या इथलेच शिंपी, घरात विठ्ठल, बोलतात मराठी पण निम्मं कानडी. मला फॉल-पिकोशिवाय काही येत नव्हतं, तरी म्हणाले, बा गं, ये, बस मशीनवर, हात बसेल. एवढंच. तो माणूस नसता तर मी कधीच गाव गाठलं असतं, देव त्यांचं भलं करो.

मास्तरांकडं दरसाल नाटकांच्या उत्सवाचे कपडे येतात. तिथली पद्धत अशी, की एका संध्याकाळी जुनं नाटक, शेकडो वर्षांपूर्वीचं, आणि दुसऱ्या संध्याकाळी त्याच्यावरूनच कुणीतरी नवीन लिहिलेलं. यंदा जुन्यात राजा राणीला विसरतो, मग ओळख पटते आणि तो तिला घेऊन जातो. दोन्ही नाटकांत राणी झालेली पवित्रा, टी. नरसीपूरची पोरगी, माझ्या डब्यातली शेंगाचटणी बोटानं चाटायची आणि म्हणायची, अक्का, इन्नू कोडी, अजून द्या म्हणजे. या परक्या मुलखात मला अक्का म्हणणारी ती पहिली.

तर जुन्या नाटकाच्या संध्याकाळी, ऐन रंगमंचावर जायच्या वेळी, तिची चोळी काखेत उसवली. काढायला वेळ नाही, मी अंगावरच सुई घातली, पण आधी दोऱ्याचा तुकडा तिच्या दातात दिला. आमच्याकडं जित्या माणसाच्या अंगावर शिवत नाहीत बघा, ते मढ्याच्या अंगावर शिवल्यासारखं होतं. शिवायचंच झालं तर दातात दोरा धरायचा, म्हणजे माणूस जिवंत आहे हे कळतं. कुणाला कळतं? यमाला असेल. नवं नाटक लिहिलेल्या मॅडम तिथंच उभ्या होत्या, त्यांनी विचारलं हे काय, तर मला इतका आनंद झाला, की आईनं शिकवलेलं सगळं सांगून टाकलं, मास्तरांनी कानडीत करून दिलं.

दुसऱ्या दिवशी मास्तर मला प्रेक्षकांत घेऊन बसले. आधीच बजावलं, हे बघ, इथं तोंड उघडायचं नाही, हे काम गेलं तर तुला मी ठेवू कुठं, गोत्तायता? मी म्हटलं, कळलं.

राजा न्यायला येतो, पवित्रा नाही म्हणते, इथवर मला गोड लागत होतं. मग ती सखीला म्हणते, लग्नाचा शालू आण, माझ्या अंगावर शिव. मी सांगितलेलं मॅडमनी एका रात्रीत नाटकात घातलं होतं. सखीनं दोरा पुढं केला. पवित्रानं तो हातानं सारला आणि म्हणाली, नको, ती राणी मेली समज. एवढं कानडी मला येतं हो. आणि सखीनं सुई घातली. खरी सुई, माझ्याच डबीतली.

काय सांगू तुम्हाला, मी उभी कधी राहिले ते कळलंच नाही, आणि ओरडले, मराठीतच ओरडले, अगं पवित्रा, दोरा धर! आधी दोरा धर गं बाई!

सगळं थिएटर वळलं. कुणी हसलं, कुणी शू शू केलं, मास्तर माझा पदर ओढताहेत, अय्यो, बस, बस. वर पवित्रा थांबली. अंधारात मी काही तिला दिसले नसेन, पण आवाज ओळखला असणार. तिनं सखीच्या हातातला दोरा घेतला आणि दातात धरला. मी मटकन खाली बसले, हुश्श केलं. आणि मग बघते तर काय, ती बोलेचना. तिचं शेवटचं मोठं भाषण होतं, त्या भाषणासाठीच मॅडमनी ते नाटक लिहिलं होतं, आणि पोरीचे दात मिटलेले! सखी शिवत राहिली, ही गप्प, राजाला काय करावं कळेना, तो जरा घुटमळला आणि निघून गेला. दिवे गेले. टाळ्या पडल्या की नाही, मला आठवत नाही.

आत मॅडम आल्या, डोळे लाल, मास्तरांना म्हणाल्या, माझं नाटक मारलंत तुम्ही. माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. मास्तरांनी हात जोडले, तप्पु माझी, चूक माझीच, मी तिला आत बसवलं. तर पवित्रा मधे आली, म्हणाली, मॅडम, अक्का ओरडली म्हणून नाही, मलाच भीती वाटत होती, सकाळी तालमीतपण वाटली. मॅडम म्हणाल्या, मग आधी बोलली का नाहीस? ही म्हणते, तुम्हीच सांगितलं होतं ना, राणी घाबरत नाही.

मास्तरांच्या स्कूटरवर मागं बसल्या बसल्याच मी मनात गाठोडं बांधून मोकळी झाले होते. खोलीच्या कोपऱ्यावर त्यांनी उतरवलं आणि म्हणाले, उद्या लवकर ये, फेट्यांचे काठ राहिलेत. मी हलेना तर म्हणाले, माझी आई असती तर तीबी ओरडली असती, जा आता. जिन्यातच बसून रडले मी.

माझं काम टिकलं, मास्तरांचं उत्सवाचंही टिकलं. मला तेवढी प्रेक्षकांत बसायची मनाई, मी मागं कपड्यांपाशी. त्या नाटकाचे प्रयोग आता गावोगाव होतात, पवित्रा भाषण म्हणते, दोरा धरत नाही, लोक उभं राहून टाळ्या वाजवतात म्हणे. मॅडमना मी नावं ठेवत नाही, शिकलेल्या बाईनं काही विचार करूनच लिहिलं असणार. नाटकातली राणी मरू दे नाहीतर जगू दे, ते त्यांचं त्यांनी बघावं, पण सुईखाली अंग त्या पोरीचंच असतं ना? प्रयोग असला की मास्तरांच्या विठ्ठलापुढं मी जरा जास्त उभी राहते. माझं आयुष्य लागू दे तिला.