मोजणीच्या दिवशीची भट्टी

दातांच्या दवाखान्यात माझ्या शेजारच्या बाकावर काचेच्या कारखान्यातले दोघे बसले होते. मामा भट्टी सांभाळणारा, आणि भाची त्याच भट्टीच्या धुराड्यातून किती कार्बन जातो ते मोजणारी.

“मामा, परवा मी मोजायला आले तेव्हा भट्टी मंद केली होतीस ना?”

“पाहुणे यायचे म्हटल्यावर घर आवरतोच की माणूस.”

“आकडा निम्मा आला.”

“मग माझी पाठ थोपट.”

“तो आकडा बघून साहेब म्हणाले, इतका कमी आहे तर नवी भट्टी कशाला? जुनीच चालू दे दहा वर्षं.”

“कधी म्हणाले?”

“आज सकाळी. संध्याकाळपर्यंत माझी सही हवी आहे.”

“मग कर सही, बाई. निवृत्तीला चार महिने उरलेत. कळलं तर हाकलतील मला.”

“आणि केली, तर त्याच भट्टीपुढे तुझ्या जागी तुझा मुलगा उभा राहील. ती जेवढं खाते तेवढंच वर ओकणार, कागदावर तेवढं निम्मं.”

“सगळेच मंद करतात गं. मला आधीच्या मिस्त्रीने शिकवलं.”

“म्हणून तर भट्टी अजून तीच आहे.”

आतून कुणाचा तरी नंबर पुकारला. दोघंही हलले नाहीत.

“परत मोजता येईल?”

“येईल. पण का म्हणून साहेबांनी विचारलं, तर मी खरं सांगेन.”

“सांग.”

“नक्की?”

“सांग म्हटलं ना. उद्या किती वाजता येतेस?”

“ते तुला सांगणार नाही, मामा.”