पुजलेला रिमोट

परवाचीच गोष्ट सांगतो, म्हंजी माझं डोकं कसं चालतं ते तुमाला आधीच कळंल. सकाळी चहा पिऊन वर्कशॉपात गेलो, मशीन चालू केली, खिशातून रिमोट काढला अन् दाबतोय, दाबतोय, तर मशीन ढिम्म. सेल गेले असतील म्हणून काढले, दातानं चावून परत घातले, मशीनच्या वायरी हलवून बघितल्या, मशीनला दोन शिव्या दिल्या, अन् मग नीट बघतो तर हातात टीव्हीचा रिमोट. तिकडं घरी आमची मंगल, म्हंजी आमच्या मालकीण, मशीनचा रिमोट टीव्हीपुढं धरून बसलेली, कावून लागंना म्हणून. असा मी माणूस. अन् तुमी म्हणताव की निवांत बसून सांगा. बसून मला सांगता यायचं न्हाई बघा. मी आपला हिंडत हिंडत सांगतो, तुमी ल्ह्या.

मूळचे आमी धर्मापुरीचे. वाणी, महादेवाचे लोक, गळ्यात लिंग अन् हातात तागडी. बापूंचं किराणा दुकान व्हतं. बापू सकाळी गादीवर बसले की दुपारच्या जेवणालाच उठायचे, मांडीसुदीक बदलायचे न्हाईत, अन् मला बसवलं की गिऱ्हाईक साखर मागायचं तवर मी समोरच्या सुताराच्या पडवीत. तिथं रंध्यातून लाकडाच्या कुरळ्या साली निघायच्या त्या बघत उभा. बापू म्हणायचे, ह्याच्या बुडाखाली देवानं विंचू ठेवून पाठवलाय. शेवटी दुकान भावाला दिलं अन् मी सुतारकी धरली. वाण्याच्या पोरानं सुतारकी धरली म्हणून भावकीत लई हसले लोक. हसू द्या. सुतारकीत बसावं लागत न्हाई, लाकडाभवती फिरावं लागतं, माझ्यासारख्याला दुसरं काय पाहिजे. लगीन झालं, चौसाळ्याला आलो, रोडच्या कडंला पत्र्याचं शेड टाकलं, दारं, खिडक्या, देव्हारे, असं करत इथवर आलो.

मग आली ही सीएनसी मशीन. म्हंजी काय, एक मोठं टेबल, त्याच्यावर लाकूड आवळून ठेवायचं, वर एक मोटार फिरती, तिच्या टोकाला बिट, म्हंजी कोरायचं पातं, अन् कंप्युटरात जे चित्र घातलंय ते मोटार लाकडात कोरत जाती. आमची लेक पल्लवी पॉलिटेक्निक झालेली, चित्रं ती काढती. सगळं झ्याक, पण काय सांगू तुमाला, मशीन कोरायला लागायच्या आधी बिट लाकडाच्या कोपऱ्यावर बरोबर नेऊन टेकवावं लागतं, त्याला शून्य लावणं म्हणतात, अन् ते करायचं कंप्युटरच्या बटणांनी. कंप्युटर भुशापासून लांब, काचेच्या खोक्यात, पुढं स्टूल. स्टुलावर बसलं तर बिटाचं टोक दिसत न्हाई, टोक बघाया गेलं तर बटण लांब. मग मी बटण दाबायचा, पळत जाऊन बघायचा, जरा सरकावं म्हणून पळत यायचा, परत दाबायचा, परत पळायचा. पल्लवी म्हणली, पप्पा, तुमी मशीन चालवताव का शाळूवरची पाखरं हाकताव.

तिनंच मग हा रिमोट आणला. पोरं दोन हातात धरून गेम खेळत्यात न्हवं का, तसला, बिनवायरचा, दोन बारक्या दांड्या वर टोप्या घालून बसलेल्या. तिनं कंप्युटरात काय काय केलं ते मला विचारू नका. डाव्या दांडीनं मोटार आडवी-उभी सरकती, उजव्या दांडीनं वर-खाली, अन् एक बटण तर्जनीखाली हाय, ते दाबून धरलं तरच मशीन हलती. पप्पा, म्हणली, बोट उचललं की मशीन थांबती, एवढं एक ध्यानात ठेवा, बाकी काय बी करा.

तवापसून मी राजा झालो. रिमोट हातात, टेबलाभवती चकरा, ह्या कोपऱ्यातून बघ, त्या कोपऱ्यातून वाकून बघ, डोळा बिटाजवळ अन् अंगठा दांडीवर. शेजारी पंक्चरचं दुकान हाय त्या रशीदभाईला वाटायचं म्हातारं खुळावलं. काय बे शेठ, रोडवरनं वरडायचा, आज कितवी लेव्हल?

आता खरी गोष्ट. मंगलचं म्हाएर युसूफ वडगावचं. तिथलं जुनं घर पाडून भावांनी स्लॅबचं बांधलं तवा ज्याला जे पाहिजे ते ज्यानं त्यानं नेलं. मंगलनं एकच वस्तू मागितली, पुढच्या दाराची फळी. सागवानी, दोन बोटं जाड, एका तुकड्याची. तिचे अण्णा, म्हंजी माझे सासरे, रोज सांच्याला त्या दाराला पाठ लावून बसायचे, त्यांच्या पाठीनं ती फळी मधून गुळगुळीत झाल्याली, हात फिरवला की कळायचं. त्या फळीचा देव्हारा करा म्हणली, मागं महादेवाला बेलाची पानं कोरा. करतो म्हणलो. लोकांचे देव्हारे केले, अन् घरची फळी शेडामागं पत्र्याखाली तशीच. मंगल दरवर्साला वाळवी लागू नये म्हणून करडीचं तेल चोळायची अन् काय बोलायची न्हाई. तुमाला सांगतो, बोलणारी बायको परवडती.

यंदा म्हणलो बास, दसऱ्याला करायचंच. पल्लवीनं बेलपानाचं चित्र काढलं, मी फळी घासून मशीनवर आवळून ठेवली, दसऱ्याला सोनं लुटून आलो की मशीन सुरू, असं ठरलं.

अन् आदल्या दिवशी आली खंडेनवमी. त्या दिवशी हत्यारं पुजायची आमची रीत. भावाकडं तागडी पुजत्यात, माझ्याकडं रंधा, पटाशी, करवत, गुण्या. धुऊन पुसून पाटावर मांडायची, हळद-कुंकू, अक्षता, फुलं, प्रत्येकाला लाल दोरा. अन् एकदा पुजली की दसऱ्यापतुर हात लावायचा न्हाई, तो त्यांच्या इसाव्याचा दिवस. मी बघतो तर मंगलनं रंध्याशेजारी रिमोट मांडल्याला. मी म्हणलो, आगं हे कावून ठेवतीस, हे पोरांचं खेळणं हाय. तर म्हणली, ज्याच्यावर घर चालतं ते हत्यार. रंधा हातात धरून किती वर्सं झाली ते सांगा अन् मग बोला. तिनं रिमोटच्या दोन्ही दांड्यांना हळद-कुंकू लावलं, वरनं अक्षता टाकल्या, लाल दोरा दोन येढे गुंडाळून घट्ट गाठ मारली.

दुपारी मायलेकी देवीला गेल्या. घरात मी एकटा. मी पेपर वाचला. उठलो, पाणी प्यालो. शेडात जाऊन फळी बघून आलो. परत बसलो, परत उठलो. म्हणलं, कोरायचं तर उद्याच हाय, आपण आज नुसतं शून्य लावून ठेवू, तेवढाच उद्याचा येळ वाचंल. मनात आलं, हत्यारं पुजल्याली हायेत. मग माझंच मन मला म्हणलं, रंध्याला हात कोण लावतंय, हे तर खेळणं. असा फुलाखालनं रिमोट उचलला अन् गेलो.

आता पल्लवीनं शिकवल्यालं असं, की मोटार बंद ठेवायची, बिटाखाली कागद धरायचा, कागद अडला की शून्य. पण मी पडलो जुना माणूस, मी मोटार चालू ठेवून कानानं शून्य लावतो. बिट लाकडाला शिवलं की चर्र असा बारीक आवाज येतो, तिथं थांबायचं. तसं आणलं. चर्र झालं. अजून एक केसभर बाजूला घ्यावं म्हणून डाव्या दांडीला जरासा अंगठा लावला अन् काढून घेतला, तर दांडी माघारी आलीच न्हाई. मोटार चालली. मी बोट उचललं, तरी चालली. मग माझी तारांबळ, वर घ्यायच्या ऐवजी उजवी दांडी खाली दाबली, चर्रचं घर्र झालं, अन् मोटार आपली फळीतनं अशी चालली जशी नांगरटीला काढलीय. मशीन एकदम बंद करायचं लाल बटण पलीकडं कंप्युटरजवळ. सरळ गेलो असतो तर पोचलो असतो, पण टेबलाला येढा घालायची सवय, मी गेलो लांबच्या बाजूनं. जल्मभर हिंडलो, अन् ज्या दिवशी एका जागी लवकर पोचायचं व्हतं त्याच दिवशी येढा घालून गेलो. बटण दाबलं तवा बिट फळीच्या कडंतनं बाहेर पडलं व्हतं. करंगळी बसंल एवढा चर, अण्णांची पाठ टेकायची बरोबर त्या जागेतून.

तशी दुसरी फळी जगात न्हाई. मी तिथंच उभा राहिलो, अन् तेवढ्यात दोघी आल्या, मंगलच्या हातात परसाद. तिनं फळी बघितली. मग माझ्या हातातला रिमोट बघितला. मला वाटलं आता ढग फुटंल, पण न्हाई. बांगडीत अडकवल्याली पिन काढली, रिमोट माझ्या हातातनं घेतला, डाव्या दांडीच्या बुडाशी पिन घालून हळूच काहीतरी उकरलं अन् तळहातावर घेतलं. तांदळाचा दाणा, हळदीनं पिवळा. अक्षतेचा दाणा दांडीच्या फटीत जाऊन बसल्याला. अन् पल्लवी म्हणली, पप्पा, हे बघा, दोरा बटणावरनंच गेलाय, तुमी बोट उचलून काय उपेग, दोऱ्यानं बटण दाबून धरल्यालंच हाय. मला वाटलं मंगल आता दोरा तोडंल. तिनं दोरा तसाच ठेवला, रिमोट घरात नेला, परत पाटावर मांडला, फुलं सारखी केली अन् म्हणली, आजचा दिवस त्याचा हाय. बास, एवढंच.

त्यापुढचं विचारू नका. दसऱ्याला आपट्याचं पान दिलं, तिनं घेतलं, पाया पडली, बोलली न्हाई. माझी घरातनं शेडात, शेडातनं घरात नुसती यरझार. एकदा वाटलं फळी कापून बारकी करावी, तर पानं बसत न्हाईत. पालथी घालावी, तर मागं जुने खिळे. भुसा अन् सरस कालवून लप्पी भरावी, तर रंग येगळा दिसणार. पल्लवीनं म्हणून बघितलं की चरात एलईडीची पट्टी बसवू, लई भारी दिसंल. मंगलनं तिच्याकडं असं बघितलं की पोरगी पाणी प्यायला निघून गेली. परत येऊन म्हणली, बरं मग त्या चराचा वेल करू, पानं त्याला जोडू, कुणाला कळणार न्हाई.

तिसऱ्या दिवशी सकाळी मंगल शेडात आली, रिमोट घेऊन. दोरा बटणावरनं काढून मुठीच्या बाजूला बांधल्याला, दांड्या पुसल्याल्या. कंप्युटरपुढचं स्टूल ओढलं, ज्या स्टुलावर मी कवाच बसत न्हाई ते, त्याच्यावर बसली अन् म्हणली, लावा मशीन. मी म्हणलो, अन् चर? ती म्हणली, वेल-बिल काय नको, पानं जिथं व्हती तिथंच कोरा. मी मोटार बंद ठेवून, कागद धरून शून्य लावलं. मग मशीन सुरू झाली, एकेक पान निघायला लागलं, अन् मी चकरा मारतोय, अन् ती मशीन संपूपतुर स्टुलावरनं हलली न्हाई. अण्णांची लेक.

ह्या सोमवारी देव मांडले. पिंड, नंदी, तिच्या म्हाएरचा खंडोबाचा टाक. तेल दिल्यावर सागवान असं उजळलं, अन् पानांमधनं तो चर सरळ आडवा गेल्याला, समईच्या उजेडात तर जास्तच दिसाया लागला. मला काय राहवंना. लप्पीचा डबा घेऊन आलो, म्हणलो, अजून सुदीक येळ गेली न्हाई, दाबून भरतो, पॉलिश मारतो. मंगलनं वात पुढं सारली. म्हणली, राहू द्या ती रेघ. देवाला बी कळू द्या, तो कुणाच्या घरी राहायला आलाय. मी बरं म्हणलो अन् डबा ठेवायला शेडाकडं निघालो, तर मागनं म्हणली, आता कुठं निघालाव? देव बसले न्हवं? मग तुमी बी बसा.