लाल बटन आणि माझा सत्कार

...तर ते लाल बटन सारखं का वर येऊन राहिलं होतं, हे मला कळलं न्हाई असं न्हाई हो, मी बघितलंच न्हाई! लोक म्हणतात, व्यंकटी मेस्तरी चुकला. अहो, चुकायला आधी डोकं लावावं लागतं. मी नुसतं बोट लावलं!

लोहा गावाजवळ बायांनी मिळून काढलेलं दूध केंद्र हाय. शंभर घरचं दूध एका टाकीत, मशीननं थंड करायचं, दुपारी टँकर येतो. मशीनची दुरुस्ती माझ्याकडं. वीस वर्षांचा हात हाय माझा! म्हणून अध्यक्षा सरजाक्कांनी वर्धापनदिनाला माझा सत्कार ठेवला. अन् मी काय केलं? स्वतःच्या फोटोचा दहा फुटी फ्लेक्स करून आणला... अन् बांधला कुठं? रस्त्यावरून झकास दिसंल तिथं. म्हंजे मशीनच्या बाहेरच्या जाळीवर, ऐन पंख्याच्या तोंडावर!

आता ती जाळी कशाला असते? दुधातली गर्मी गॅस ओढून आणतो, जाळीत येऊन बाहेर टाकतो. हवाच बंद केली तर गर्मी जाईल कुठं? प्रेशर चढतं, चढतं... अन् काही फुटायच्या आधी एक छोटी डबी कॉम्प्रेसरची लाईट तोडते. मशीन बंद! त्या डबीवर हे लाल बटन, लाईट तुटली की वर येतं. आधी कारण शोधा, मग दाबा, असा त्याचा कायदा. तुम्हाला सांगतो, हे मीच लोकांना शिकवत आलो!

कार्यक्रम मशीनच्याच खोलीत. हार गळ्यात पडला अन् मशीन बंद पडली. दाबलं बटन. चालू. टाळ्या! चार मिनिटांनी बंद. दाबलं. तीन मिनिटांनी बंद. दाबलं...

केंद्रावर धम्मप्रिया म्हणून ऑपरेटर हाय. बिलोलीची पोरगी, आयटीआय करून चार महिन्यांखाली लागली. हळूच म्हणली, "मामा, नुसतं दाबू नका. प्रेशर कशानं वाढून राहिलं ते बघा की."

मी म्हणलो, "तू मला शिकवतीस? वीस वर्षांचा हात हाय माझा!"

पोरगी गेली बाहेर, बघायला. अन् इकडं पाहुणे माईकवर, "आपले मेस्तरी म्हंजे असे, की मशीनला हाक मारली तर मशीन ओ देते!" अन् मशीन तर गप! सगळ्यांचे डोळे माझ्यावर... काढला खिशातून वायरचा तुकडा अन् डबीची दोन्ही टोकं जोडून दिली. आमच्या धंद्यात ह्याला 'डायरेक्ट करणं' म्हणतात. डबीनं कितीबी बोंब मारू द्या, ऐकायचंच न्हाई! मशीन चालू. मी पुन्हा खुर्चीत. वीस वर्षांचा हात हाय, म्हणलं, माझा!

दहा मिनिटं. आधी घरघर. मग खडाड् खडाड्. मग फाटकन् पाईप गेला, फुस्स करून गॅस, अन् काळं तेल थेट पाहुण्यांच्या फेट्यावर! कॉम्प्रेसर जाम. अन् ऐन त्याच वक्ताला धम्मप्रिया दारातून आत आली, काखेत माझा फ्लेक्स. माझ्याच गाठी हो, तिला सुटता सुटंनात, म्हणून उशीर झाला.

सरजाक्का कडाडल्या, "काय केलंस गं पोरी? मशीनला हात लावायला कुणी सांगितलं तुला?"

बोला! तिथं कोण बोलायला पाहिजे होतं? मीच ना? मी गळ्यातला हार नीट करत बसलो. धम्मप्रियानं एकदा त्या वायरीकडं बघितलं, एकदा माझ्याकडं. नाव घेतलं न्हाई तिनं. कमरेची किल्ल्यांची जुडी काढली अन् टेबलावर ठेवली. पाईप फुटला तवा मी जेवढा दचकलो न्हाई, तेवढा त्या जुडीच्या आवाजानं दचकलो.

उठलो. "अक्का... मी केलं. फ्लेक्स मी बांधला, डबी मी डायरेक्ट केली. पोरगी सांगून राहिली होती, मीच ऐकलं न्हाई." अन् समोर माईक चालूच! स्टँडपर्यंत ऐकू गेलं म्हणतात.

सरजाक्कांनी जुडी उचलली, स्वतःच्या हातानं पोरीच्या कमरेला अडकवली. "चुकलं माझं, बाई." मला वाटलं, आता माझा नंबर. शिव्या द्या, चप्पल काढा, काहीबी करा! न्हाई. माझ्याकडं बघितलंसुद्धा न्हाई हो. बायांना म्हणल्या, "आठशे लिटर दूध हाय, टँकर गरम दूध घ्यायचा न्हाई. नासायच्या आत खवा करू. चुली पेटवा." मग जाता जाता माझ्या हातात उलथनं दिलं, "मेस्तरी, हार काढा. आगीजवळ पेटंल."

बसलो. शंभर घरचं दूध माझ्यापुढं आटून राहिलं, अन् मी उलथनं फिरवून राहिलो. दिवस मावळतीला गावातला शरणप्पा फटफटी थांबवून रस्त्यावरून ओरडला, "काय मेस्तरी, काय करून राहिलात?"

काय सांगू? म्हणलं, "दुरुस्ती चालू हाय."