विहीर दोन पुरुष!

सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी जळली हो ती मोटर, तुम्हाला सांगते, आणि जळायचंच होतं तर निदान टाकी भरून तरी जळावं ना... पण नाही! घर्र केलं, धूर सोडला आणि बसली. आमची परसातली विहीर केवढी? दोन पुरुष खोल! तिच्यावर भाऊजींनी, म्हणजे माझ्या दिरांनी, दोन हॉर्सपॉवरची आणून ठेवलेली. हिनं घटकाभरात विहीर कोरडी ओढली आणि मग राहिली नुसता वारा पीत. जळेल नाही तर काय करेल?

बरं, जळली तर जळली, पण विहिरीचं झाकण उघडलं ना! बादलीनं शेंदायचं म्हणजे झाकण उघडंच, आणि आमची भिंगरी नुकती चालायला लागलेली, तिला अख्खं घर सोडून तो काठच गोड लागतो. माझ्या एका हातात दोर, दुसऱ्या हातात तिच्या झबल्याचं टोक... रात्री जरा डोळा लागला की कानात 'डुबुक' वाजायचं!

आणि घरात काय? सभा! मामंजी म्हणाले, "पाण्यात सोडायची घ्या, आवाज होत नाही." म्हटलं, पाणी उतरलं की गाळात लोळेल ती! भाऊजी म्हणाले, "वहिनी, तुम्हाला त्यातलं काय कळतंय? ह्या वेळी तीनची घेऊ, दोनची कमी पडली." कमी पडली? अहो, विहीर गिळली तिनं! आणि आमचे हे? "बघू." लग्न झाल्यापासून बघतायत, अजून काही दिसलेलं नाही. विहीर दोन पुरुष, आणि सल्ला द्यायला पुरुष तीन!

उठले, भिंगरीला कडेवर घेतलं आणि गाठलं दुकान. दुकानदार मोबाइलमधून मान न काढता म्हणतो, "विहीर किती?"

"दोन पुरुष."

"घरात माणसं किती ते नाही विचारलं, ताई. विहीर!"

"दोन पुरुष!"

"मग त्यातल्या एकाला पाठवा की. बायकांना नाही समजायचं हे."

अस्सं? म्हटलं, "अरे दादा, पुरुष म्हणजे माप! तुझ्याएवढे दोघे विहिरीत एकावर एक उभे केले की झाली खोली. चल, बघू करून... खाली तू उभा राहतोस?" ठेवला मोबाइल! "मग दीडची देऊ?" "अर्ध्याची." "अर्ध्याच्यानं काय होणार, ताई?" "पाणी येणार! झिरपेल तेवढंच ओढणारी दे, आणि काठावर बसणारी दे. झाकणातून फक्त पाइप आत जाईल, माझी पोरगी नाही." विहीर दोन पुरुष, आणि समजावायला पुरुष चार!

बसवली. टाकी भरते हळूहळू... भरू दे, मला कुठं गाडी पकडायचीय? झाकणाला कुलूप, किल्ली माझ्या कमरेला, आणि भिंगरी झाकणावर बसून टाळ्या पिटते.

आणि काल ऐकते तर हे कुंपणापाशी शेजाऱ्यांना सांगतायत, "अर्ध्याचीच घ्यायची, मी पहिल्यापासून म्हणत होतो!" शेजारी म्हणतात, "वा, तुम्हाला बरीच माहिती!" विहीर दोन पुरुष, पुरुष झाले पाच...

जाऊ दे. तुमच्या ओळखीत कुणाची उथळ विहीर असली तर एवढा निरोप द्या: मोटर लहान घ्या, झाकण लावून ठेवा. आणि काही अडलंच तर खुशाल आमच्याकडे पाठवा, ह्यांना विचारू दे. हे "बघू" म्हणतील... मग मी आतून सांगते.