पाय तेवढे उघडे राहिले

“लेकराला कडेवर घेऊन धर्मग्रंथ ग्रीकमध्ये उतरवणाऱ्या त्या भाषांतरवाल्यांचं बोलणं ऐकत उभी राहू नकोस,” असं सासूने बजावलं, तेव्हा मारिन हसली होती. अलेक्झांड्रियाच्या यहुदी आळीत, रोट्यांच्या भट्टीपुढच्या रांगेत तिच्यापुढे नेमके तेच दोघे निघाले: म्हातारे याकीम आणि त्यांचा तरुण सोबती यासोन.

“काका, आज एकच रोटी?” यासोनने विचारलं.

“सुनेला पोरांसकट माहेरी धाडलं. जे व्हायचं ते माझ्या एकट्याचं होऊ दे.”

“असं केलंत तरी काय?”

“ग्रंथात मूळ हिब्रूत आहे, आपल्या वडीलधाऱ्यांनी डोंगरावर देवाला पाहिलं. मी ग्रीकमध्ये लिहिलं, देव उभा होता ती जागा पाहिली.”

“बरंच केलंत की! नाहीतर हे ग्रीक विचारतील, नाक कसं होतं हो तुमच्या देवाचं?”

“हसू नकोस, मेल्या. पुढच्याच ओळीत त्याचे पाय आहेत. ते तसेच राहिले.”

“मग तेही काढायचे.”

“हात धजला नाही रे. तोकड्या पांघरुणासारखं झालं, तोंड झाकलं आणि पाय उघडे पडले.”

“अजूनही बदलता येईल.”

“प्रत राजाच्या ग्रंथालयात गेली. आता देवच येईल जाब विचारायला, त्याच पायांनी.”

मारिनने बाळाचे पाय शालीत ओढून घेतले.

त्यानंतर याकीमकाका भट्टीवर आलेले नाहीत. त्यांच्या घरापर्यंत जायचं मारिनला धाडस होत नाही. तुम्ही त्या बाजूला जाणार असाल, तर तेवढं दार ढकलून बघा, एवढीच तिची विनवणी आहे. आतून कडी लावलेली नसेल.