कोपऱ्यातलं नाव

मी मूळचा कुहीकडचा, धानाच्या गावातला, पण भाऊ, ब्रश हातात आला तो कळमन्याच्या बाजारात. अडतीच्या दुकानायच्या पाट्या, ट्रकायचे नंबर, सारं म्याच लिवलं. मंग फ्लेक्स आलं अन् पाट्या गेल्या. लोकं आजबी म्हन्ते, ए सुदाम पेंटर, इकडं ये गा. काय सांगू तुमाले, चीड याची येते का चित्रकार म्हनाले कोनाची जीभच वळत नाही.

म्हनून पाण्याचे रंग शिकलो, घरीच, दोन वरसं. ऑइलपेंटवाल्याले ते लय जड जाते, काहून का आमचा पांढरा सगळ्यात शेवटी येते, अन् यात पांढरा द्याचाच नाही, कागद कोरा सोडाचा. माझा हात काही थांबे ना. बायको म्हने, काहून कागद नासवून राहिले जी. म्हनलं, शिकून राहिलो वं, थांब.

यंदा कन्हानले नदीवर कलामहोत्सव होता, तिथंच बसून चित्र काढाची स्पर्धा. नावनोंदनीच्या टेबलावरची मॅडम मले पाहून म्हने, पेंटर ना तुमी, स्टेजची पाटी तिकडं हाये. म्हनलं, नाही मॅडम, मी चित्र काढाले आलो. तिनं वरून खालपर्यंत पाह्यलं अन् स्पर्धेचा शिक्का मारलेला कागद देल्ला.

पुलाच्या समोर बसलो. ऊन असं का आभाळाचा रंग इकडून तिकडं नेस्तोवर अर्धा सुकून जाये, वरून धूळ. लय चिडलो. पण पुलाखाली जिथं पाण्यावर ऊन पडलं होतं ना, तेवढी पट्टी कोरी सोडली, हात आवरून धरला. भाऊ, ते पाणी चमकून राहिलं होतं. मले इतका आनंद झाला का डोळ्यात पाणी आलं.

परीक्षक सर माझ्या चित्रापाशी लय वेळ उभे राह्यले. म्हने, पाणी मस्त उतरलं. मंग त्यायची नजर कोपऱ्यात गेली अन् त्यायनं मोठ्यानं वाचलं, सुदाम पेंटर. समोरून नाव टाकाचं नाही, मांगं फक्त नंबर, हे माइकवर सांगतलं होतं, म्या या कानानं आयकलं होतं. पण चाळीस वरसं पाटी झाली का कोपऱ्यात नाव, हात आपोआप गेला. अन् टाकलं तर टाकलं, चित्रकार म्हनवून घ्याले आलेला मानूस, आपल्याच हातानं पेंटर लिवून बसलो! म्हनलं, सर, तेवढा कोपरा कापून टाका. सर म्हने, नियम म्हंजे नियम, चित्र बाद, नाव पाहून पक्षपात होते. आता सांगा भाऊ, माझं नाव पाहून कोन पक्षपात करन?

मी सामान भरून राहिलो होतो, तं मॅडम आली. पेंटर, अक्षर लय सुंदर हाये तुमचं, प्रमाणपत्रायवर नावं लिवून देता का? असा राग आला का ब्रश नदीत फेकावा. पण बसलो अन् लिवली, एक मात्रा वाकडी नाही. मॅडम हसून म्हने, यावर आपलं नाव नाही टाकलं ना? सारे हसले. मीबी हसलो, काय करता.

चित्र घरी लावलं हाये. येनारा पयले कोपराच वाचते. ज्यायचे नंबर आले त्यायचं भलं होवो. त्यायच्या घरी भिंतीवर माझंच अक्षर हाये, खाली माझं नाव तेवढं नाही.